अँट्रिमचा किनारी रस्ता

उन्हाळ्यात गाडीनं फिरण्याजोगा उत्तरेकडचा एक समुद्रकिनारा आज तुमच्यापुढे मांडायचा आहे. तो आहे उत्तर आयर्लंडमधल्या अँट्रिमचा. बेलफास्टहून निघायचं आणि लार्न, बॅलीकासल, पोर्टरश करत डेरी गाठायचं. अंतर दोनशे किलोमीटरच्या आसपास. जूनमध्ये तिथं सूर्य मावळतो रात्री दहाच्या सुमारास, त्यामुळे घाई कसलीच नाही.

लार्न सोडलं की एका बाजूला उंच कडे, दुसऱ्या बाजूला पाणी आणि मध्ये चिंचोळा रस्ता. तो होण्याआधी इथल्या खोऱ्यांतल्या माणसांना बेलफास्टपेक्षा होडीनं स्कॉटलंड जवळ वाटे. टॉर हेड या टोकावरून स्कॉटलंड जेमतेम वीस किलोमीटर. हवा स्वच्छ असली की पलीकडचा किनारा दिसतो. 1832 मध्ये विल्यम बाल्ड या अभियंत्यानं या रस्त्याचं काम हाती घेतलं. डोंगरावरून चढउताराची वाट काढण्याऐवजी त्यानं सुरुंग लावून कडे पाडले आणि खाली आलेल्या दगडांचाच भराव करून पाण्याच्या काठानं रस्ता नेला. 1842 मध्ये तो पुरा झाला.

जाताना या कड्यांचे रंग जरूर पाहा. खाली पांढराशुभ्र चुनखडक, वर काळा कातळ. पांढरा थर डायनोसॉरच्या काळातल्या समुद्राच्या तळाशी सूक्ष्म जीवांच्या कवचांतून साचला. काळा थर नंतरचा. सुमारे सहा कोटी वर्षांपूर्वी जमीन भेगाळली, लाव्हा वर आला आणि त्या चुनखडकावर पसरला.

त्याच लाव्हानं पुढे जायंट्स कॉजवे घडवला. तिथं सुमारे 40 हजार दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत, बरेचसे षटकोनी. लाव्हाचा जाड थर हळूहळू निवताना आकसला. आटलेल्या तळ्यातल्या चिखलाला पडतात तशा भेगा त्याला पडल्या आणि खोलवर उतरत गेल्या. लोककथा मात्र सांगते, की स्कॉटलंडमधल्या राक्षसाशी लढायला फिन मॅककूल या महाकाय वीरानं ही फरसबंदी घातली. 1986 पासून हे जागतिक वारसास्थळ आहे.

आता थोडं व्यवहाराचं. वाहनं आपल्यासारखीच डावीकडून चालतात, पाट्यांवर अंतर मात्र मैलांत. बेलफास्टकडून जाताना समुद्र उजवीकडे, म्हणजे चालकाच्याच बाजूला येतो. त्यानं गाडी थांबवूनच तो पाहावा. टॉर हेडचा फाटा अरुंद आणि तीव्र चढांचा आहे, मोठी गाडी तिकडे नेऊ नये. कॅरिक-अ-रीडचा झुलता पूल पाण्यापासून 30 मीटर उंचावर आहे. असा पूल तिथं पहिल्यांदा सॅमन पकडणाऱ्या कोळ्यांनी आपल्या कामासाठी बांधला.

आणि मुंबईकरांनो, असेच काळ्या कातळाचे, म्हणजे बेसॉल्टचे खांब अंधेरीच्या गिल्बर्ट हिलवर आहेत, अँट्रिमपेक्षाही जुने. आयर्लंडला जाल तेव्हा जा. गिल्बर्ट हिल मात्र या रविवारीच बघून या.