गॅस-विजेचा घरगुती हिशेब



कार्यवाहबाईंनी मला गॅस आणि विजेवर बोलायला सांगितले, तेव्हा मी म्हटले, "अहो, मी बिल भरणारी, मी काय बोलणार?" त्या म्हणाल्या, "बिल भरणारीनेच बोलावे." म्हणून उभी राहिले आहे. चुकले तर सांभाळून घ्या.

माझ्या लहानपणी आईकडे पंपाचा स्टोव्ह होता, आणि रॉकेलची रांग ठरलेली. गॅसचा नंबर लागायला तेव्हा वर्षानुवर्षे जात. नंबर लागला त्या दिवशी आईने शेगडीला हळदकुंकू वाहिले. आता घरबसल्या मोबाईलवरून सिलिंडर मागवता येतो.

आमच्याकडे सिलिंडर चाळीस दिवस जायचा. दोन वर्षांपूर्वी तो चौतीस दिवसांतच संपू लागला. सासूबाई म्हणाल्या, "तुझा हात सैल सुटलाय." मला फार लागले. मी दुपारचा चहा बंद केला, डाळ भिजवून मगच कुकरला लावू लागले. तरी फरक पडेना. एकदा रात्री ओट्याशी उभी राहून रडलेसुद्धा. हसू नका.

मग एके दिवशी सिलिंडरवर रंगवलेले आकडे वाचले. रिकाम्या टाकीचे वजन त्यावर लिहिलेले असते. आत गॅस हवा 14.2 किलो. आमच्या टाकीवर 15.6 होते. माझी सातवी झालेली, पण एवढ्या बेरजेला ती पुरली : 29.8. वाण्याचा काटा मागून आणला. काट्यावर भरले 27.7. दोन किलो शंभर ग्रॅम कमी, आणि सील जसेच्या तसे! आणणारा म्हणाला, "ताई, वरूनच तसा येतो." मी म्हटले, "मग दादा, वरच परत न्या." वितरकाकडे लेखी तक्रार दिली. दुसऱ्या दिवशी भरलेला आला.

सासूबाई त्यावर काही बोलल्या नाहीत. पण पुढचा सिलिंडर आला तेव्हा चष्मा लावून त्या स्वतः काट्यापाशी उभ्या होत्या.

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर आतून एक अक्षर आणि साल असते, तेही पाहावे. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, तसे डीपर्यंत. ती मुदत उलटलेली टाकी घेऊ नये. हा गॅस हवेहून जड, गळला की जमिनीलगत पसरतो. नळाने येणारा गॅस हलका, तो वर चढतो. वास आला तर दिव्याचे बटण चालू करू नये, बंदही करू नये. रेग्युलेटर बंद करून दारे-खिडक्या उघडाव्यात आणि घराबाहेर जाऊन 1906 वर कळवावे.

आता वीज. आपण अजून "बोर्डाचा माणूस आला" म्हणतो. वास्तविक 1960 साली स्थापन झालेल्या त्या मंडळाच्या 2005 साली निरनिराळ्या कंपन्या झाल्या. नाव बदलले, बिल यायचे ते येतेच! हजार वॅटचे उपकरण तासभर चालले की एक युनिट. दोन हजार वॅटचा गीझर अर्ध्या तासात तेवढे खातो. पंचाहत्तर वॅटच्या पंख्याला त्याला तेरा तास लागतात. म्हणून पंख्यावरून मुलांना बोलण्याआधी गीझर पाहावा. शंभर युनिटांपुढे दर चढतो, पण तो वरच्या युनिटांनाच लागतो, सगळ्या बिलाला नव्हे. मीटरवरचा आकडा दर महिन्याला कॅलेंडरवर लिहून ठेवा. बिलावरच्या आकड्याशी तो जुळला नाही, तर भांडायला काहीतरी हाती राहते.

छपरावरच्या सौर विजेसाठी 2024 सालापासून केंद्राची योजना आहे. तीन किलोवॅटला अठ्ठ्याहत्तर हजारांपर्यंत अनुदान मिळते. मात्र छप्पर आपले हवे. आम्हां भाडेकरूंना त्याचा काय उपयोग, हे मला कोणी नीट सांगितलेले नाही.

शेवटची गोष्ट काट्याची. मंडळाने वर्गणीतून काटा घेतला आहे. तो कार्यालयातल्या कपाटात असतो, किल्ली कोषाध्यक्षबाईंकडे. नेताना वहीत नाव लिहावे आणि कृपा करून संध्याकाळपर्यंत परत आणावा. मागच्या महिन्यात तो एकीच्या घरी पापडाचे पीठ तोलत आठ दिवस राहिला होता.