संगणकाचे उपटसुंभ वैद्य

आमच्या उंब्रजच्या पारावर कुणी नुसतें शिंकलें तरी चार काढे सुचविले जातात. संगणकाचेंही आतां तसेंच झालें आहे.

गेल्या पावसाळ्यांत माझें यंत्र मंदावलें. पडद्यावर धोक्याची सूचना झळकली. तींतील क्रमांकावर मीं भाबडेपणानें दूरध्वनि केला. पलीकडील गृहस्थ मोठे गोडबोले. त्यांनीं मला ‘इव्हेंट व्ह्यूअर’ उघडावयास लाविलें. आंत तांबड्या-पिवळ्या खुणांची रांगच रांग! “पाहिलंत ना सर, यंत्र पार पोखरलं आहे. तो मूळचा ‘डिफेंडर’ आधी काढून टाका आणि ताबा माझ्याकडे द्या.” माझें निवृत्तिवेतनाचें खातें त्याच यंत्रावर चालतें. मला घाम फुटला.

नातवानें मात्र स्वतःचें कोरें करकरीत यंत्र उघडून दाखविलें. तेथेंही त्याच खुणा! ती म्हणजे यंत्राची रोजनिशी. निरोगी यंत्राच्याही बारीकसारीक चुका तींत टिपल्या जातात. आणि ‘डिफेंडर’ हा तर विंडोजबरोबर आलेला पहारेकरी. मीं दूरध्वनि बंद केला. पैसे गेले असते, तर १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर धांव घ्यावी लागली असती.

पण सल्ला देणारा नेहमीं लबाडच असतो, असें नाहीं. २००१ सालीं ई-मेलनें एक पत्र जगभर फिरलें : ‘सल्फएनबीके’ नांवाची फाइल विषाणु आहे, ती पुसून टाका. वस्तुतः ती विंडोजचीच. फाइलींचीं लांब नांवें पूर्ववत् करणें हें तिचें काम. पुढच्याच वर्षीं अस्वलाचें चित्र असलेल्या दुसऱ्या एका मूळच्या फाइलीविषयीं तशीच आवई उठली. शोधली कीं फाइल सांपडे, कारण ती विंडोजबरोबरच आलेली. आणि सांपडली म्हणून पत्रावर विश्वास बसे! हीं पत्रें मित्रांनीं मित्रांस कळकळीनें धाडलीं होतीं.

यंत्राबरोबर आलेलें सारेंच पूज्य, असें मात्र नव्हे. नको असलेले खेळ ‘सेटिंग्ज’मधील यादींतून खुशाल काढावे. ‘एज’ नको असेल, तर दुसरा ब्राउझर नेमून त्याला पडून राहूं द्यावें. युरोपांतील कायद्यामुळें २०२४ पासून तेथें तो काढतां येतो; येथें आडमार्गानें उपटूं गेल्यास भलतेंच कांहीं अडण्याचा संभव.

मला कुणी ‘अमुक काढा’ म्हटलें कीं मी विचारतों, तें काय काम करितें, आणि चुकलें तर परत कसें आणावयाचें? उत्तर नसेल, तर चहा पाजून बोळवण करितों.

यंत्र अजून मंदच आहे. नातू म्हणतो, आंत धूळ सांचली आहे.