विद्येची फेड



लॅव्हेंडर म्हटलं की आपल्याकडे साबणाची वडी आठवते, नाहीतर फरशी पुसायच्या औषधाची जांभळी बाटली. प्रत्यक्ष झाड पाहिलेली माणसं थोडीच. पण या झाडाचा एक भाऊबंद आपल्या गावात केव्हाचा येऊन राहिला आहे. युनानी औषधांच्या दुकानात जाऊन 'उस्तुखुद्दूस' मागा. सुकलेल्या, करड्या-जांभळ्या फुलोऱ्याची पुडी मिळेल. ती लॅव्हेंडरचीच एक जात. सर्दीनं डोकं जड झालं की आमच्या घरी तिचा काढा व्हायचा. हकीम मंडळी तिला 'जारूब-ए-दिमाग' म्हणतात, म्हणजे मेंदूची केरसुणी! नाव ऐकायला अरबी, पण मूळ ग्रीक. फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्याजवळच्या काही बेटांच्या जुन्या नावावरून ते आलं आहे. वनस्पती अशाच फिरतात. एकानं दुसऱ्याला दिलं, दुसऱ्यानं तिसऱ्याला.

आज या झाडाबद्दल थोडं बोलणार आहे, आणि बागकाम फुकट शिकवणाऱ्या माणसांबद्दल थोडं जास्त.

अत्तराच्या कामाचं अस्सल लॅव्हेंडर हे डोंगरातलं झुडूप. फ्रान्सच्या प्रोव्हान्स भागात ते उंचावर वाढतं. खालच्या शेतात लावतात तो त्याचा संकर. त्यातून तेल जास्त निघतं, पण त्याला कापरासारखा वास असतो. वरच्या भागातल्या तेलाच्या नावाला १९८१ पासून कायद्याचं संरक्षण आहे, आणि त्याची एक अट म्हणजे शेत ८०० मीटरच्या वर हवं. आपल्या कोकणातल्या हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तसाच हा प्रकार.

मग कुणी म्हणेल, महाबळेश्वर तर साडेचार हजार फुटांवर आहे, तिथं लावू या की! पण नुसती उंची पुरत नाही. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि या झाडाचं पाण्याशी जमत नाही. मुळाशी पाणी साचलं की ते कुजलंच. त्याला हवी निचऱ्याची, चुनखडीची, हलकी जमीन आणि भरपूर ऊन. शेणखताचे लाड केले तर ते पानांनी माजतं आणि वासाला उणं पडतं.

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यात पॅलिसेड नावाचं एक छोटं गाव आहे. उंची महाबळेश्वरपेक्षा किंचित जास्त, पण पाऊस वर्षाला जेमतेम अडीचशे मिलिमीटर. हे गाव पीच या फळासाठी प्रसिद्ध. कोलोरॅडो नदीच्या पाटाच्या पाण्यावर तिथल्या बागा उभ्या आहेत. त्याच परिसरात शेतकऱ्यांनी लॅव्हेंडर लावून पाहिलं, ते रुजलं, आणि पुढे तिथं लॅव्हेंडरचा महोत्सवही भरू लागला.

पण या डोंगराळ राज्यात बाहेरून आलेल्या माणसाची बाग सहजासहजी जमत नाही. पूर्वेकडच्या पावसाळी राज्यांत माती आंबट असते, म्हणून तिथले लोक वाफ्यात चुना घालतात. तोच माणूस कोलोरॅडोत येतो आणि सवयीनं चुना घालतो. इथली माती आधीच चुनखडीची! मग पानं पिवळी पडतात. मातीत लोह असतं, पण ते मुळांना घेता येत नाही. झाड सुकतंय असं वाटून तो आणखी पाणी घालतो, आणि दुखणं वाढतं. त्यातून डोंगरावरचं ऊन कडक, रात्री थंड, दोन थंडींमधला मोकळा काळ आखूड. पावसाळी प्रदेशासाठी लिहिलेलं पुस्तक इथं चकवतं. इथं वीस वर्षं माती उकरलेला शेजारी हवा.

हा शेजारी मिळवून देण्याची एक पद्धत अमेरिकेत आहे. तिथं शेतीचं ज्ञान लोकांपर्यंत नेणारी विद्यापीठांची विस्तार सेवा १९१४ च्या कायद्यानं उभी राहिली. पुढे शहरं वाढली, आणि घरामागे चार वाफे असलेली माणसं या सेवेला फोन करू लागली. टोमॅटोला कीड लागली, गुलाब सुकला! वॉशिंग्टन राज्यातले विस्तार अधिकारी डेव्हिड गिबी आणि त्यांचे सहकारी या प्रश्नांनी बेजार झाले. १९७२ मध्ये त्यांनी एक साधा तोडगा काढला. ज्यांना बागेची आवड आहे अशा नागरिकांना विद्यापीठानं नीट शिकवायचं, आणि त्या बदल्यात त्यांनी ठरावीक तास लोकांना फुकट सल्ला द्यायचा. 'मास्टर गार्डनर' म्हणतात त्यांना. आज ही पद्धत अमेरिकेत सगळीकडे पोचली आहे. कोलोरॅडोत नव्या स्वयंसेवकाला पहिल्या वर्षी साधारण पन्नास तास द्यावे लागतात. कुणी बाजाराच्या दिवशी टेबल मांडून बसतं, कुणी फोनवर उत्तरं देतं, कुणी शाळेची बाग सांभाळतं.

यातले दोन नियम मला फार आवडले. सल्ला द्यायचा तो विद्यापीठानं तपासलेल्या माहितीवरून, 'मला वाटतं' म्हणून नव्हे. आणि या पदवीची पाटी लावून धंदा करायचा नाही. विद्या घेतली ती उसनवारीवर, आणि तिची फेड तासांत करायची.

आता आपल्या देशात येऊ. जम्मूच्या डोडा जिल्ह्यात भदरवाह आहे. उंची सुमारे सोळाशे मीटर, म्हणजे कोलोरॅडोची राजधानी डेन्व्हर आहे जवळजवळ तेवढीच. डोंगरउतारावरची लहान शेतं, त्यात पूर्वापार मका. जम्मूतल्या 'इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ इंटिग्रेटिव्ह मेडिसिन' या सरकारी संशोधन संस्थेनं अरोमा मिशनखाली तिथल्या शेतकऱ्यांना लॅव्हेंडरची रोपं दिली, लागवड शिकवली, तेल काढायची यंत्रं बसवली. २०२२ मध्ये भदरवाहला पहिला लॅव्हेंडर महोत्सव झाला, आणि २०२४ च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात या शेतीचा चित्ररथही दिसला.

चित्ररथ दिसला, तो आपण पाहिला. शेतात काय घडलं ते मात्र टीव्हीवर येत नाही. शंभर किलो ताज्या फुलोऱ्यातून जेमतेम किलोभर तेल निघतं. पहिलं वर्ष-दोन वर्षं हाती फारसं काही लागत नाही. मक्याचं शेत मोडून हे लावायचं म्हणजे घरच्या भाकरीशी जुगार. अशा वेळी सरकारी पत्रकापेक्षा बांधापलीकडच्या माणसाचं शेत जास्त बोलतं. भदरवाहमध्ये आधी लावणाऱ्यांनी पुढे रोपवाटिका केल्या, त्यांची रोपं नव्यांच्या शेतात गेली. हे झाड बियांपासून लावलं तर मूळ झाडासारखं निघेलच असं नाही, म्हणून फांदी छाटून कलम लावतात. म्हणजे एकाच्या झाडाला कात्री लागल्याशिवाय दुसऱ्याचं शेत उभं राहत नाही. आणि रोप घ्यायला आलेला माणूस पाणी किती, छाटणी कधी, हेही विचारूनच जातो.

आपल्या महाराष्ट्रात हे नवं नाही, आणि त्यात रेडिओचा वाटा मोठा आहे. १९५६ मध्ये आकाशवाणीच्या पुणे केंद्रानं युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग केला. पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत लोक रेडिओभोवती जमायचे, शेतीचा कार्यक्रम ऐकायचे, मग आपसांत चर्चा करायचे. 'ऐका, चर्चा करा, कृती करा' असं त्याचं सूत्र होतं. पुढे हा प्रयोग देशभर गेला.

आमच्या समाजात बागवान आहेत. नावाचा अर्थच माळी. आज बहुतेक जण फळं-भाजीच्या व्यापारात आहेत. माझ्या गावी एक बागवान चाचा डाळिंबाची गुटी बांधायचे. ओलं शेवाळ नेमकं किती दाबायचं ते त्यांच्या बोटांना कळायचं. मुलं मंडईत गाळ्यावर बसली, नातू मोबाईलच्या दुकानात लागला. पोट जिकडे नेईल तिकडे माणूस जाणारच, त्यात तक्रार कसली! पण चाचांच्या मातीआड ती बोटंही गेली. आडनाव तेवढं रेशनकार्डावर राहिलं.

अशी बोटं अजून गावोगाव आहेत. निवृत्त कृषी सहायक आहेत, परसात कढीलिंब जगवणाऱ्या आज्या आहेत, चाळीच्या गच्चीवर डब्यात दोडका चढवणारे आजोबा आहेत. आपल्याकडे कृषी विद्यापीठं आहेत, कृषी विज्ञान केंद्रं आहेत. या माणसांना तिथं चार दिवस बोलवावं, जमाखर्च चोख करून घ्यावा, आणि मग सांगावं, की बाबांनो, आता वर्षाचे पन्नास तास जवळच्या शाळेला द्या. पन्नास तास म्हणजे आठवड्याचा एक तासही नाही. नळाला पाणी यायची वाट बघण्यात आपले याहून जास्त जातात.

लॅव्हेंडर आपल्याकडे नाही झालं तरी चालेल. आपल्या मातीत मोगरा आहे, वाळा आहे, डाळिंब आहे. शाळेच्या आवारात एखादी गुटी बांधली जावी, आणि बांधणाऱ्याच्या शेजारी दहा वर्षांची दोन पोरं उकिडवी बसलेली असावीत. शेवाळ किती दाबायचं, ते त्यांना हात धरून दाखवणारं कुणीतरी हवं.