ऊस, कापूस आणि मंदी

यवतमाळ जिल्ह्याला समुद्र नाही. तरीही हिंदी महासागरातील मॉरिशस या बेटाच्या अर्थव्यवस्थेकडे यवतमाळकरांनी बारकाईने पाहावे, असे म्हणण्यास सबळ कारण आहे. क्षेत्रफळाने ते बेट या जिल्ह्याच्या सहाव्या हिश्शाहूनही लहान. लोकसंख्या निम्म्याहून कमी. परंतु दोहोंचे दुखणे एकाच जातीचे. तेथे ऊस, येथे कापूस. आणि भाव ठरावयाचा तो दूरच्या बाजारात.

१८३४ पासून त्या बेटावरील उसाच्या मळ्यांत हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर नेण्यात आले. त्यांत कोकणातील मराठी कुटुंबेही होती. त्यांचे वंशज आजही तेथे गणेशोत्सव साजरा करतात. १९६८ मध्ये देश स्वतंत्र झाला, तेव्हा निर्यातीचे जवळजवळ सारे उत्पन्न साखरेचे होते. त्यापूर्वीच, १९६१ मध्ये, अर्थशास्त्रज्ञ जेम्स मीड यांनी वाढती लोकसंख्या आणि एकच पीक पाहून बेटाच्या भवितव्याविषयी गंभीर चिंता व्यक्त केली होती.

१९७० मध्ये तेथे निर्यात प्रक्रिया क्षेत्राचा कायदा झाला. पुढे साखरेचे भाव कडाडले आणि १९७५ च्या लोमे करारान्वये ठराविक साखरेला युरोपात हमीचा भाव मिळाला. मळेवाल्यांच्या हाती पैसा खेळू लागला. त्यातील काही भाग बेटावरच तयार कपड्यांच्या कारखान्यांत गुंतविला गेला, ही गोष्ट निर्णायक ठरली. मंदी काही चुकली नाही. साखर उतरली, तेल महागले, १९७९ आणि १९८१ मध्ये चलनाचे अवमूल्यन करावे लागले. बेकारी भयावह झाली. तथापि कारखाने उभे होते. १९९० च्या सुमारास त्यांत सुमारे ९० हजार लोक काम करीत होते आणि त्यांत स्त्रियांची संख्या मोठी होती.

यवतमाळलाही तेजी आली नव्हती असे नाही. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात (१८६१ ते १८६५) वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे मोल आले. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी, लोकांची ‘शकुंतला’, धावू लागली ती मुख्यतः कापूस बाहेर नेण्यासाठी. सरकी वेगळी झाली, गाठ बांधली गेली आणि गाठ निघून गेली. एक क्विंटल कापसातून साधारण तेहेतीस-चौतीस किलो रुई निघते. उरते ती बहुतांशी सरकी. रुईचे सूत, सुताचे कापड, कापडाचा सदरा, या प्रत्येक पायरीवर जी मजुरी आणि जो नफा असतो, तो बव्हंशी दुसऱ्या गावांच्या वाट्याला गेला. लोहारा येथील डेनिम कापडाची गिरणी हा अपवाद, आणि तो मोलाचा अपवाद आहे.

याच जिल्ह्यातील पुसद तालुक्याचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, १९७२ मध्ये, कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली. हमीचा भाव म्हणजे कोरडवाहू शेतकऱ्याला केवढा आधार, हे बोंडे वेचणाऱ्यालाच ठाऊक! परंतु त्या आधाराच्या सावलीत गावोगाव सूतगिरण्या आणि शिवणकामाचे कारखाने उभे राहिले नाहीत. पुढे योजनेचे एकाधिकाराचे स्वरूप गेले. २००२ पासून बीटी वाण आले, बियाणे-औषधांचा खर्च वाढला, आणि कर्जाच्या ओझ्याखाली घरेच्या घरे खचली. २००६ च्या पंतप्रधान पॅकेजमध्ये विदर्भातील सहा जिल्ह्यांत यवतमाळचा समावेश करावा लागला. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने उभे पीक पोखरले.

मॉरिशसची वाट जशीच्या तशी येथे चालणार नाही. त्या बेटाला परदेशी बाजारपेठेत सवलती होत्या, आणि त्याही कायम राहिल्या नाहीत. वस्त्रव्यापारातील कोटा पद्धत २००४ अखेर संपली. २००६ पासून युरोपने साखरेच्या हमीभावात टप्प्याटप्प्याने ३६ टक्के कपात केली. तेव्हा तेथे उसाच्या चिपाडापासून वीज करण्यावर आणि शुद्ध साखरेवर अधिक भर देण्यात आला. पर्यटन वाढले होतेच. परंतु २०२० च्या साथीत विमाने थांबली आणि एका वर्षात राष्ट्रीय उत्पन्न चौदा टक्क्यांहून अधिक घटले. बेटाला पुन्हा नवा आधार शोधणे भाग पडले.

यवतमाळजवळ मात्र एक गोष्ट घडत आहे. वर्धा-यवतमाळ-नांदेड या रुंद रुळांच्या मार्गाचा वर्धा ते कळंब हा टप्पा २०२४ मध्ये सुरू झाला. पुढचे रूळ यवतमाळला पोहोचतील तेव्हा वाघिणींत रुईच्या गाठी भरल्या जातील की सूत आणि कापड, हे येथील जिनिंगवाले, सहकारी संस्था आणि बँका यांनी आतापासून ठरवावयाचे आहे.