चाल कुणाची?



सांगलीच्या आमच्या घरात रेडिओ होता, पण तो अण्णांचा होता. अण्णा म्हणजे माझे वडील. दरवर्षी पोस्टात जाऊन त्याचं लायसन्स भरायचे ते, काटा फिरवायचे ते आणि कार्यक्रम संपला की वर विणलेला रुमाल टाकायचेही तेच. नाट्यसंगीत लागलं की आईनं भांडी घासणंसुद्धा थांबवायचं, असा दंडक होता. सिनेमाचं गाणं मात्र त्या रेडिओतून कधी उमटलं नाही.

१९५२ मध्ये बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले आणि आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ हद्दपार झाली. मग सगळा देश रेडिओ सिलोनकडे वळला. शेवटी १९५७ मध्ये विविध भारती सुरू झाली आणि गाणी परत आली. आमच्या घरात मात्र केसकरांची राजवट त्यानंतरही बरीच वर्षं चालू होती! बुधवारी रात्री आठ वाजता मी गणिताची वही घेऊन शेजारच्या काकूंच्या ओट्यावर जाऊन बसायचो. त्यांच्या खिडकीतून अमीन सयानींचा आवाज यायचा आणि माझी बिनाका गीतमाला सुरू व्हायची. वहीत गणितं कमी आणि गाण्यांचे क्रमांक जास्त.

अण्णा मास्टर दीनानाथांचे भक्त. दीनानाथांचं बिऱ्हाड काही वर्षं सांगलीत होतं. अण्णांनी त्यांना ऐकलं होतं, आणि ते सांगताना त्यांचा आवाज बदलायचा. शेजारच्या खिडकीतून लताबाईंचा सूर आला की ते क्षणभर थांबत. म्हणत, ''गळा बापाचा आहे. पण...'' त्या 'पण'च्या पुढचं वाक्य त्यांनी कधी पुरं केलं नाही.

पुढे मी बँकेत लागलो आणि पुण्याला आलो. १९७४ ची गोष्ट. खोलीतल्या सोबत्याकडे रेकॉर्ड प्लेअर होता. एका रविवारी त्यानं मोझार्टची चाळिसावी सिंफनी लावली. सुरुवातीलाच व्हायोलिनं जे वाजवू लागली, ते ऐकून मी हातातला चहाचा कप खाली ठेवला. अरे, हे तर 'छाया'मधलं गाणं! १९६१ चा चित्रपट, सलील चौधरींचं संगीत, तलत महमूद आणि लताबाईंचे आवाज. मोझार्टनं ही सिंफनी १७८८ मध्ये व्हिएन्नात लिहिली. तिथून निघालेला तो सूर पावणेदोनशे वर्षं चालत शेजारच्या काकूंच्या खिडकीपर्यंत आला होता, आणि खाली ओट्यावर मी बसलो होतो! सलीलदांचे वडील आसामात चहामळ्यांवर डॉक्टर होते. त्यांच्याकडच्या पाश्चात्त्य संगीताच्या रेकॉर्ड्स ऐकत सलीलदा लहानाचे मोठे झाले, हे मला पुढे कळलं. वडिलांनी ऐकवलेलं मुलानं आपल्या गाण्यात ठेवून दिलं होतं.

दिवाळीला घरी गेलो तेव्हा हा शोध मी अण्णांना सांगितला. केव्हा सांगतो असं झालं होतं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ''म्हणजे चोरीचाच माल की! आणि यासाठी तू परीक्षेच्या दिवसांत लोकांच्या ओट्यावर बसत होतास?''

मला उत्तर सुचलं नाही. खरं सांगायचं तर मलाही आतून तसंच वाटू लागलं. त्यानंतर अण्णांपाशी मी गाण्याचा विषय काढला नाही. पत्रात पगार, पाऊस, तब्येत. गाणं नाही. अशी दहा वर्षं गेली.

मधल्या काळात बदलीवर नागपूरला होतो. शेजारच्या बंगाली आजी संध्याकाळी तांदूळ निवडताना गुणगुणत असत. एके दिवशी ते गुणगुणणं ऐकून मी जिन्यातच उभा राहिलो. 'अभिमान'मधलं, लताबाई आणि किशोरकुमारांचं द्वंद्वगीत, पण शब्द बंगाली! धीर करून विचारलं, तर आजी हसल्या. ''हे आमच्या रवींद्रनाथांचं,'' म्हणाल्या. 'अभिमान' १९७३ चा आणि संगीत सचिनदेव बर्मन यांचं. बर्मनदांच्या कानात रवींद्रसंगीत लहानपणापासून असणारच. मी त्यांना हिंदी गाणं म्हणून दाखवलं, त्यांनी मला मूळचं म्हणून दाखवलं. त्या दिवसापासून आमच्याकडच्या पुरणपोळ्या तिकडे आणि तिकडचे संदेश इकडे सुरू झाले. दोन घरांची ओळख एका चालीनं करून दिली. पण हेही मी अण्णांना कळवलं नाही. 'पुन्हा चोरी' असं उत्तर येईल, ही भीती.

१९८४ मध्ये अण्णा गेले. दिवसकार्य झाल्यावर त्यांची ट्रंक आवरायला काढली. तीत जुन्या संगीत नाटकांची पुस्तकं होती. खाकी कागदाची कव्हरं घातलेली, कडा पिवळ्या पडलेल्या. सहज चाळू लागलो आणि एक गोष्ट पहिल्यांदाच नीट पाहिली. बहुतेक पदांच्या डोक्यावर बारीक अक्षरांत एक ओळ छापलेली होती. राग अमुक, ताल तमुक आणि मग 'चाल', म्हणजे हे पद मूळच्या कोणत्या गाण्याच्या चालीवर म्हणायचं, ते.

मी तिथंच जमिनीवर बसून वाचत सुटलो. १८८० मध्ये अण्णासाहेब किर्लोस्करांनी 'शाकुंतल' रंगभूमीवर आणलं, तेव्हा लोकांच्या ओठांवरच्या साकी, दिंडी, लावणी, कानडी गाणी अशा किती तरी चाली त्यांच्या हाताशी होत्या. १९११ च्या 'मानापमान'मध्ये गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या ठुमरी-दादऱ्याचा ढंग आणला. १९१६ च्या 'स्वयंवर'मध्ये भास्करबुवा बखल्यांनी ख्यालातल्या बंदिशींच्या चाली पदांना दिल्या. म्हणजे ज्या नाट्यसंगीतासाठी आमच्या घरातली भांडी थांबत होती, ते संगीतही कानडीतून, लावणीतून, लखनौ-बनारसच्या बैठकींतून आणि आग्रा-ग्वाल्हेरच्या घराण्यांतून आलेलं होतं. फरक एवढाच, की कुणाकडून आणलं ते त्या माणसांनी पदाच्या माथ्यावर लिहून ठेवलं होतं.

उसनं आणणं आणि चोरणं यांत हाच फरक असतो. शेजारून वाटीभर साखर आणली आणि 'काकूंकडून आणली' असं सांगितलं, तर तिला कुणी चोरी म्हणत नाही. उलट दोन घरांचा संबंध वाढतो. सिनेमाच्या गाण्याच्या माथ्यावर 'चाल' छापण्याची पद्धत नव्हती. तिथं ती ओळ ऐकणाऱ्यानंच शोधून लिहायची. दहा वर्षांपूर्वी न सुचलेलं उत्तर मला आता सापडलं होतं, आणि ते ज्यांना द्यायचं ते अण्णा नव्हते.

आणि मग 'स्वयंवर'च्या पुस्तकात ते पान निघालं. बालगंधर्वांनी गाजवलेलं, भीमपलासातलं पद. भीमपलास हा दुपार कलल्यावर गायचा राग. गंधार आणि निषाद कोमल. चढताना रिषभ आणि धैवत वगळायचे, उतरताना सगळे स्वर घ्यायचे, आणि मध्यमावर असं थांबायचं की ऐकणाऱ्याला आपलंच काहीतरी राहून गेल्यासारखं वाटावं. त्या पदाच्या समासात, पेन्सिलीनं, अण्णांच्या अक्षरात दोन शब्द लिहिलेले होते : 'मेरा साया'.

'मेरा साया' १९६६ चा. त्यात मदनमोहन यांनी भीमपलासात बांधलेलं, लताबाईंचं एक गाणं आहे. डोळ्यांत ढग दाटून आल्याचं सांगणारं. मी तेव्हा सतरा वर्षांचा होतो आणि ते गाणं त्या ओट्यावर बसून ऐकत होतो. अण्णांनी कुठं ऐकलं? भिंतीपलीकडून? का घरात कुणी नसताना रुमाल बाजूला करून त्यांनीही काटा फिरवला? मला कळायला मार्ग नाही. एवढं खरं, की त्यांनी ते ऐकलं होतं, ओळखलं होतं आणि आपल्या सगळ्यांत लाडक्या पुस्तकात त्याला जागा दिली होती.

दहा वर्षं आम्ही बापलेक रागात होतो. तो राग भीमपलास होता, हे मला फार उशिरा कळलं.

आता माझी पंचाहत्तरी उलटली आहे. नातीच्या फोनला गाणं ऐकवलं की तो गाण्याचं नाव सांगतो. चांगलंच आहे. पण हे गाणं ऐकून तुला आणखी काय आठवलं, ते फोनला विचारता येत नाही. ते माणसाला विचारावं लागतं. म्हणून तुम्हालाही एवढंच सांगतो. गाणं ऐकताना 'हे कुठंतरी ऐकलंय' असं वाटलं, तर ते झटकून टाकू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा. त्याला ते गाणं आवडत नाही असं तुम्हाला वाटत असलं, तर आधी त्यालाच विचारा.

माझी एक वही आहे. तिला तीन रकाने आखले आहेत. पहिल्यात गाणं, दुसऱ्यात चाल कुठून आली ते, आणि तिसऱ्यात हे कुणी सांगितलं ते. 'छाया'च्या ओळीत माझ्या खोलीतल्या सोबत्याचं नाव आहे, 'अभिमान'च्या ओळीत नागपूरच्या आजींचं. 'मेरा साया'च्या ओळीत, तिसऱ्या रकान्यात, मी लिहिलं आहे : अण्णा.

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)