आधी संघटना, मग उद्योग
(विहाराच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या शेजारच्या कार्ल्याच्या चैत्यगृहात खांबांवर दात्यांची नावे कोरलेली आहेत. एवढे मोठे लेणे अनेकांच्या दानातून उभे राहिले. गरिबांचा उद्योगही असाच अनेकांच्या हातांनी वाढतो. "भांडवल कुठून आणायचे?" असे आपली माणसे विचारतात. त्यांच्यासाठी आम्ही पुण्याचेच उदाहरण देतो.

पुण्यात कचरा वेचणाऱ्या बहुतेक दलित समाजातल्या मायबहिणी. त्यांच्याकडे लोक संशयाने बघायचे. 1993 साली डॉ. बाबा आढाव आणि एसएनडीटी महिला विद्यापीठातील कार्यकर्त्यांच्या साथीने त्यांची 'कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत' उभी राहिली. या बायांनी आधी यंत्र घेतले नाही, गाळाही घेतला नाही. आधी ओळखपत्र मिळवले. मग बचत आणि कर्जाची सोय केली, म्हणजे सावकाराचे पाय धरायला नकोत.

पंधरा वर्षांनी, 2008 साली, त्यांची 'स्वच्छ' ही सहकारी संस्था पुणे महानगरपालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करू लागली. घरटी शुल्क त्यांचे आणि वेचलेल्या भंगाराची कमाईही त्यांचीच. आज संस्थेत तीन हजारांवर सभासद आहेत. करार पाच वर्षांचा होता. मुदत संपल्यावर पुन्हा झगडावे लागले. संघटना होती म्हणूनच त्या टिकल्या. दूर कोलंबियातल्या बोगोटा शहरातही कचरावेचकांनी कोर्टात लढूनच 2011 साली आपला हक्क राखला. गरीब देशांत असे उद्योग वाढतात ते याच वाटेने: आधी ओळख, मग बचत, मग कामाचा हक्क.

आता लोणावळा-मावळचे बघा. पावसाळ्यात भुशी धरणावर गर्दी लोटते. आपल्या बहिणी हॉटेलांत, बंगल्यांत राबतात. हंगाम सरला की हाताला काम नाही. स्वयंपाक, धुणे, साफसफाई ही सगळी कामे त्यांना येतात. पण एकेकटी गेली तर मालक म्हणेल तीच मजुरी. दहाजणी मिळून गेल्या तर दर ठरवता येतो.

म्हणून आमची विनंती एवढीच. पौर्णिमेला आपण विहारात जमतोच. येत्या पौर्णिमेला दहाजणींनी बचतीची वही उघडावी. रक्कम थोडी असली तरी चालेल, पण हिशोब दर महिन्याला सर्वांसमोर वाचला जावा आणि वही बायांच्याच हातात राहावी. पैशापेक्षा हा विश्वासच आपले पहिले भांडवल आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!