खोकला किती दिवसांचा?

आज खोकल्याबद्दल बोलायचंय. पावसात भिजलो आणि चार दिवसांत बरा झालो, तसला नव्हे. महिना उलटला तरी जात नाही, त्या खोकल्याबद्दल.

आमच्या म्हैसुरात केआरएस रस्त्यावर एक जुनं क्षयरुग्णालय आहे. राजकुमारी कृष्णाजम्मण्णी यांचं नाव त्याला दिलेलं आहे. नालवडी कृष्णराज वोडेयर महाराजांच्या या भगिनी. त्या आणि त्यांच्या मुली क्षयानं गेल्या. राजवाड्यातलं माणूस, हाताशी वैद्य-डॉक्टर, खाण्यापिण्याची ददात नाही, तरीही. त्यांच्या स्मरणार्थ 1921 च्या सुमाराला हे रुग्णालय उभं राहिलं. तेव्हा उपचार म्हणजे मोकळी हवा, विश्रांती आणि सकस आहार. टीबीचं औषधच जगात नव्हतं. पहिलं परिणामकारक औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं 1943 साली.

आता औषध आहे, सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, आणि साध्या टीबीला बहुधा सहा महिने पुरतात. मग माणसं उशिरा का येतात? माझ्या मते, दिवस न मोजल्यामुळे. इथल्या दवाखान्यात गेलात की पहिला प्रश्न कन्नडमध्ये येतो, ‘एष्टु दिनदिंद केम्मु?’ किती दिवसांपासून खोकला? आपण सांगतो, ‘झाले असतील आठ-दहा दिवस.’ शेजारी बसलेली बायको म्हणते, ‘अहो, दिवाळीपासून आहे!’ बायकोचं ऐकावं. तिच्या झोपेचं खोबरं झालेलं असतं, म्हणून तिला तारीख पक्की आठवते.

दोन आठवडे खोकला टिकला तर बेडक्याची तपासणी करायची, हा आपल्या राष्ट्रीय क्षयरोग कार्यक्रमाचा नियम आहे. सोबत संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, बेडक्यात रक्त, यातलं काही असेल तर दोन आठवड्यांचीही वाट पाहू नका. मधुमेह असेल तर जास्त जपा, त्यांना टीबीचा धोका दुप्पट-तिप्पट असतो.

तपासणीला डबी देतात, त्यात बरेच जण थुंकी टाकून आणतात. थुंकी नको, बेडका हवा. सकाळी उठल्यावर पाण्यानं चूळ भरा, दोन-तीनदा खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून काढा. हे घरात नाही, मोकळ्यावर करायचं. डबीत नुसती लाळ गेली तर रोग असूनही सुटू शकतो.

आणि एक. मेडिकलवाल्याकडून स्वतःच्या मनानं अँटिबायोटिक घेऊ नका. लिव्होफ्लॉक्सासिनसारख्या गोळ्यांनी टीबी थोडे दिवस दबतो, बरं वाटतं, निदान लांबतं. तोवर घरातल्या लहानग्यांना लागण होऊन जाते.

तपासणीत टीबी निघाला नाही, तरी खोकला आहेच ना? मग पुढे शोधायचं. छातीचा फोटो काढून घ्यावा. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यानं तर टाळूच नये. फोटो स्वच्छ असेल तर बहुतेक वेळा तीन ठिकाणी पाहावं लागतं: दमा, नाकातून घशात उतरणारा शेंबूड आणि पोटातलं आम्ल. दम्यात छातीतून शीळ वाजलीच पाहिजे असं नाही. काहींना नुसती रात्री-पहाटे कोरडी ढास लागते. घरातला धूरही पाहा. उदबत्ती हा आमच्या गावचा मोठा धंदा, पण बंद खोलीत तिचा धूर छातीला सोसत नाही.

एक कारण मात्र हमखास विसरलं जातं, रक्तदाबाची गोळी. पाकिटावर रामिप्रिल, एनालाप्रिल असं ‘प्रिल’नं संपणारं नाव आहे का बघा. काहींना या गोळीनं घशात खवखवून कोरडा खोकला येतो आणि सिरपच्या बाटल्या रिकाम्या झाल्या तरी थांबत नाही. गोळी स्वतःहून बंद करायची नाही. डॉक्टरांना दाखवा, ते दुसऱ्या गटातली देतात. बदलल्यावर खोकला जायला काही आठवडे लागतात, एवढा धीर धरा.

अडुळसा, ज्येष्ठमध, कोमट पाण्यात मध, हे घसा सुखावायला जरूर घ्या. मी स्वतः घेतो. वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मध देऊ नये, आणि लहान मुलांना डॉक्टरांना न विचारता खोकल्याचं सिरपही नको.

शेवटी, नोकरीसाठी घर सोडलेल्यांसाठी. सोलापूर-बेळगावकडून इथं आलेली मुलं खोलीत चौघं-पाचजण राहतात. घरमालक काढील, लग्न मोडेल, म्हणून खोकला लपवतात. औषध सुरू झाल्यावर काही आठवड्यांत बहुतेकांकडून संसर्ग पसरायचा थांबतो. मधेच गावी जावं लागलं तरी उपचार तुटत नाही. निक्षय या सरकारी नोंदणीत तुमचा क्रमांक असतो आणि निघण्यापूर्वी दवाखान्यात सांगितलं की पुढच्या गोळ्या तिकडच्या केंद्रातून मिळायची सोय होते. तो क्रमांक मोबाईलमध्ये लिहून ठेवा, आणि घरातल्या एका माणसाकडेही देऊन ठेवा.